वैविध्याचा शोध कसा चालू ठेवावा
अमेरिकेतील पेन्शन फंडांच्या नवनियुक्त विश्वस्तांसाठी प्राथमिक मार्गदर्शिका

प्रथम अभिनंदन. राज्याच्या पेन्शन फंडाच्या विश्वस्त मंडळावर तुमची नेमणूक झाली आहे. शाळाशिक्षक, बसचालक, परिचारिका, आग विझवणारे जवान आणि असंख्य कारकून यांच्या म्हातारपणाची पुंजी आता तुमच्या हाती आहे. घाबरू नका. हा पैसा तुम्ही स्वतः गुंतवायचा नाही. तो गुंतवणाऱ्या कंपन्या निवडायच्या. त्यासुद्धा खरे तर सल्लागार कंपनीच निवडते. तुम्ही अनुमोदन द्यायचे. हे काम पहिल्याच बैठकीत अंगवळणी पडते.

अवघड प्रसंग येतो दुसऱ्या बैठकीत. बैठक लोकांना खुली असते आणि सुरुवातीला कुणालाही दोन-तीन मिनिटे बोलू द्यावे लागते. एखाद्या निवृत्त शिक्षिका माइकपाशी येतात आणि विचारतात, "आमचा पैसा सांभाळणाऱ्या कंपन्यांपैकी बायकांच्या मालकीच्या किती? कृष्णवर्णीयांच्या किती?" यावर "एक होती, गेल्या वर्षी बंद पडली" हे उत्तर खरे असले तरी देऊ नये. "आमचा शोध चालू आहे" असे म्हणावे. शोध अखंड चालू ठेवायचा आणि त्यातून काही निष्पन्न होऊ द्यायचे नाही, ही अमेरिकेतल्या संस्थात्मक गुंतवणुकीची गेल्या तीनेक दशकांत घोटून तयार झालेली कला आहे. पुढील पाठ त्या कलेचे.

आकडे कोणते पाठ करावेत

नाइट फाउंडेशन या संस्थेने हार्वर्डचे प्राध्यापक जॉश लर्नर आणि सहकाऱ्यांकडून २०१७ मध्ये एक पाहणी करवून घेतली. म्युच्युअल फंड, हेज फंड, प्रायव्हेट इक्विटी आणि स्थावर मालमत्ता मिळून ७१.४ लाख कोटी डॉलर व्यवस्थापनाखाली होते. त्यांतले १.१ टक्के स्त्रियांच्या किंवा अल्पसंख्याकांच्या मालकीच्या कंपन्यांकडे होते. २०२१ मध्ये पुन्हा मोजले. रक्कम ८२.२४ लाख कोटींवर गेली होती आणि हा वाटा १.४ टक्क्यांवर. अमेरिकेच्या लोकसंख्येत गोरे पुरुष साधारण तीस टक्के आहेत. उरलेल्या सत्तर टक्क्यांची मिळून ही कमाई.

नवशिका विश्वस्त इथे खजील होऊन "दीड टक्कासुद्धा नाही" असे बोलून जातो. तुम्ही "चार वर्षांत सत्तावीस टक्क्यांची वाढ" असे म्हणा. गणित चोख आहे, करून पाहा.

त्याच अहवालात आणखी एक निष्कर्ष आहे. या कंपन्यांच्या आणि इतरांच्या परताव्यात दखल घेण्याजोगा फरक आढळला नाही. हे पान वाचू नये. वाचले तर "आम्ही फक्त परतावा पाहतो" हे आपले सगळ्यात भरवशाचे वाक्य घशात अडकते.

व्याख्येवर निदान सहा महिने काढावेत

'वैविध्यपूर्ण' कंपनी कोणती? ५१ टक्के मालकी हवी की एकतृतीयांश पुरे? मालकी मोजायची की प्रत्यक्ष शेअर निवडणारी माणसे? मालकीणबाई आहेत, पण सगळे निर्णय भाऊ घेतो, तर? माजी सैनिक धरायचे का? प्रत्येक प्रश्न रास्त आहे, आणि म्हणूनच तो उपसमितीकडे पाठवता येतो.

इलिनॉय राज्याने कायद्यातच 'उदयोन्मुख' कंपनीची व्याख्या करून टाकली. व्यवस्थापनाखाली किमान १ कोटी आणि १,००० कोटींपेक्षा कमी डॉलर, आणि मालकी अल्पसंख्याक, स्त्री किंवा अपंग व्यक्तीची. असे झाले की चर्चेला जागा उरत नाही, म्हणून हे उदाहरण मंडळापुढे आणू नये.

कॅलिफोर्नियाचे उदाहरण जरूर आणावे. तिथे १९९६ साली मतदारांनी प्रस्ताव २०९ मंजूर केला आणि सरकारी कंत्राटांत वंश किंवा लिंग पाहून प्राधान्य द्यायला बंदी आली. त्यामुळे तिथले सरकारी पेन्शन फंड 'उदयोन्मुख व्यवस्थापक' ठरवतात ते कंपनीचा आकार पाहून, किंवा तिचा हा कितवा फंड आहे ते पाहून. एखाद्या बड्या बँकेतून भांडून बाहेर पडलेले तीन मित्र, तिघेही एकाच बिझनेस स्कूलचे आणि एकाच गोल्फ क्लबचे, हेसुद्धा त्यात अगदी व्यवस्थित उदयोन्मुख ठरतात.

जाता जाता आपल्या वाचकांसाठी. न्यू जर्सीत फंड चालवणारे पार्ल्याचे जोशी किंवा सांगलीचे पाटील या मोजणीत आशियाई, म्हणून अल्पसंख्याक. आयुष्यभर बहुसंख्येत वावरलेल्या माणसाला हे पचवायला थोडा वेळ लागतो; पण फॉर्मवर खूण करायला लागत नाही, आणि फंडाच्या वार्षिक अहवालात तेवढीच एक टक्केवारी सजते.

चाळणी

हा या मार्गदर्शिकेचा गाभा आहे. सावकाश वाचावा.

कुणालाही नाकारायचे नसते. नियम करायचे असतात. नियम असे हवेत की प्रत्येकाला सुटे पाहिले तर शहाणा माणूस मान डोलावेल. समजा तीन केले.

पहिला: आपला फंड अवाढव्य आहे, पाच-पन्नास लाखांच्या शंभर गुंतवणुकींवर देखरेख कोण करणार? तेव्हा एका कंपनीला १० कोटी डॉलरपेक्षा कमी द्यायचे नाहीत. दुसरा: कुठल्याही कंपनीकडच्या एकूण पैशात आपला वाटा २० टक्क्यांपेक्षा जास्त नको, उद्या बाकीचे ग्राहक पळाले तर आपणच अडकायचो. तिसरा: त्याच माणसांनी, त्याच कंपनीत, किमान पाच वर्षे पैसा सांभाळलेला हवा.

आता हे तिन्ही एकत्र मांडा. आपले १० कोटी २० टक्क्यांत बसायचे तर कंपनीकडे एकूण ५० कोटी हवेत. म्हणजे ४० कोटी कुणीतरी आधीच दिलेले हवेत. हे 'कुणीतरी' म्हणजे कोण? शेजारच्या राज्याचा पेन्शन फंड. त्याच्याकडे हेच तीन नियम आहेत, कारण त्याची सल्लागार कंपनी आणि आपली एकच. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, ते हेच. आपल्याकडे ही म्हण आहे, तिकडे हे गुंतवणूक धोरण आहे. मंडळाने ते एकमताने मंजूर केलेले असते आणि दर तीन वर्षांनी त्याचा आढावाही घेतला जातो.

तिसऱ्या नियमाची खुबी तर निराळीच. एक बाई पंधरा वर्षे एका मोठ्या कंपनीत छोट्या उद्योगांचे शेअर निवडत होती. त्या कंपनीकडे तुमच्या फंडाचे ३० कोटी होते, आणि ते वाढवले तिनेच. पुढे तिने स्वतःची कंपनी काढली. आता त्या पंधरा वर्षांचा हिशेब कुणाचा? जुन्या कंपनीचा. तिला तो सहजासहजी बरोबर नेता येत नाही. मागायला गेली तर वकील उभे राहतात. गेल्या मार्चपर्यंत तुमचा पैसा सांभाळणारी तीच बाई एप्रिलमध्ये अननुभवी ठरते. तुमचे ३० कोटी मात्र जुन्याच कंपनीत राहतात, तिच्या खुर्चीवर आता कोण बसले आहे याची चौकशी न होता.

यातला प्रत्येक नियम प्रामाणिकपणे केलेला असतो, हे विसरू नये. छोट्या कंपन्या खरोखरच बुडतात, आणि पेन्शनवर जगणाऱ्या माणसाच्या पैशाशी खेळ करू नये हेही खरेच. या कलेत खलनायक लागत नाही. अमेरिकी सरकारच्या लेखा कार्यालयाने २०१७ मध्ये या विषयावर अहवाल दिला, त्यातही कुणाचा दुष्टावा सापडला नाही. सापडले ते एवढेच: किमान आकाराच्या आणि किमान अनुभवाच्या अटी, आणि 'नाव ऐकलेले नाही' ही अडचण. वरिष्ठांनी मनावर घ्यावे, अडसर काढावेत, शोधायला बाहेर पडावे, आपल्या अपेक्षा सल्लागारांना स्पष्ट सांगाव्यात, असे चार उपाय त्या कार्यालयाने सुचवले. यातले तिसरे तेवढे आपण करतो. ते कसे, ते पुढे.

बोलावणे

अमेरिकी फुटबॉलच्या राष्ट्रीय लीगमध्ये २००३ पासून रूनी नियम आहे. पिट्सबर्ग स्टीलर्स संघाचे तेव्हाचे मालक डॅन रूनी यांचे नाव त्याला मिळाले. मुख्य प्रशिक्षकाची जागा भरताना निदान एका अल्पसंख्याक उमेदवाराची मुलाखत घ्यायचीच, असा तो मूळ नियम. इलिनॉयचा पेन्शन कायदा याच जातीचा. निकषांत बसणाऱ्या उदयोन्मुख कंपनीला मंडळापुढे बोलावलेच पाहिजे, असे तो सांगतो. एकूण रकमेच्या निदान २० टक्के अशा कंपन्यांकडे असावेत, असे 'आकांक्षी उद्दिष्ट'ही त्यात आहे. 'आकांक्षी' हे विशेषण ज्याने घातले त्याच्या हस्तकौशल्याला दाद द्यावी.

तेव्हा बोलवा. वेळ जेवणानंतरची, दोन चाळीसची द्या. वीस मिनिटे. त्यातली पहिली चार प्रोजेक्टर चालू होण्यात जातील. त्यांनी चौतीस पानांचे सादरीकरण आणलेले असते. अकराव्या पानावर असताना "निष्कर्षाकडे आलात तर बरे" असे अध्यक्षांनी सौजन्याने सुचवावे. मग प्रश्न.

"तुम्हाला उद्या काही झाले तर कंपनीचे काय?" हा हुकमी प्रश्न. छोट्या कंपनीकडे याचे निर्दोष उत्तर नसते. मोठ्या कंपनीला हा विचारू नये. तिचा मुख्य व्यवस्थापक गेल्या वर्षी सोडून गेला तेव्हा आपल्याला ते वर्तमानपत्रातून कळले होते, आणि तो विषय निघालेला बरा नव्हे.

"तुमच्याकडे आमच्यासारखे आणखी कोण ग्राहक आहेत?" चाळणीचा पाठ नीट केला असेल तर याचे उत्तर तुम्हाला आधीच माहीत आहे.

आणि त्यांचे आकडे फारच चांगले असले तर? नवशिक्यांना ही भीती असते. ती अनाठायी आहे. २०१९ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इलुमेन कॅपिटल या गुंतवणूक कंपनीच्या साथीने एक प्रयोग केला. ज्यांचे कामच संस्थांचा पैसा वाटणे आहे, अशा व्यावसायिकांना व्हेंचर फंडांचा एकेका पानाचा गोषवारा वाचायला दिला. आकडे कुठे भक्कम, कुठे बेताचे. प्रमुख कुठे गोरा, कुठे कृष्णवर्णीय. आकडे बेताचे असताना परीक्षकांनी कृष्णवर्णीय प्रमुखाच्या चमूला झुकते माप दिले. मात्र पैसे गुंतवायची तयारी तिथेही फारशी दाखवली नाही. आकडे भक्कम झाले तेव्हा पारडे गोऱ्या चमूकडे झुकले. म्हणजे उमेदवार जितका सरस तितकी त्याची अडचण जास्त. कुणी मुद्दाम ठरवून हे केले नव्हते. कारकिर्दीच्या सुरुवातीला पाठीवर थाप मारायला सगळेच उदार असतात. प्रश्न येतो तो बरोबरीने खुर्ची द्यायचा.

मुलाखतीनंतर वाटाण्याच्या अक्षता लावायच्या त्या कागदावर. नमुना असा:

"आपल्या सादरीकरणाने मंडळ अत्यंत प्रभावित झाले. आपली गुंतवणूक पद्धती या वेळच्या आमच्या गरजेशी पूर्णतः जुळत नसली, तरी आपल्या कंपनीची वाटचाल आम्ही उत्सुकतेने पाहत राहू. कृपया संपर्कात राहावे."

'अत्यंत' काढू नका, त्याला पैसे पडत नाहीत. 'या वेळच्या' हा शब्दप्रयोग पुढल्या वेळीही जसाच्या तसा चालतो. आणि संपर्कात राहायचे ते त्यांनी, हे शेवटच्या वाक्यात पुरेसे स्पष्ट आहे.

वर्षातून एकदा परिषद भरवावी. हेच ते 'शोधायला बाहेर पडणे'. चांगले हॉटेल, गळ्यात दोरीची ओळखपत्रे, 'दारे उघडताना' अशा नावाचा परिसंवाद. ज्यांच्या हाती सही आहे ते अधिकारी स्वागताचे भाषण करून विमानतळावर जातात. कनिष्ठ सहकारी दोन दिवस थांबून कार्डे गोळा करतात. कार्डांची संख्या वार्षिक अहवालात येते.

वेगळे ताट

दबाव फारच वाढला तर 'उदयोन्मुख व्यवस्थापक कार्यक्रम' काढावा. एकूण रकमेतला लहानसा तुकडा बाजूला काढून तो मधल्या एका मोठ्या कंपनीकडे द्यायचा. तिने तो छोट्यांत वाटायचा. कॅलपर्स हा कॅलिफोर्नियाचा पेन्शन फंड देशातला सर्वांत मोठा सरकारी पेन्शन फंड. त्याने २०२३ च्या सुरुवातीला टीपीजी आणि जीसीएम ग्रोव्हनर या दोन कंपन्यांमार्फत नव्या-छोट्या व्यवस्थापकांसाठी १०० कोटी डॉलर ठेवले. बातमी मोठी झाली, आणि ती व्हायलाही हरकत नव्हती. फंडाची एकूण रक्कम तेव्हा ४४ हजार कोटी डॉलरच्या आसपास होती. भागाकार वाचकांनी करावा.

वेगळ्या ताटाची गंमत फीमध्ये आहे. छोटी कंपनी तिची फी घेते, मधली तिची घेते. दोन्ही वजा जाता परतावा मुख्य फंडापेक्षा थोडा मागे पडतो. पाच वर्षांनी तक्ता मांडून खेदाने म्हणावे, "आम्ही संधी दिली होती." आत शिरताना 'इथून पुढे मुख्य यादीत बढती मिळेल' असे सांगितलेले असते. बढतीचा निकष विचारला तर चाळणीचा पाठ उघडावा.

अनुकरण करू नये अशी उदाहरणे

शिकागोत १९८३ साली जॉन रॉजर्स नावाच्या चोवीस वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाने एरियल इन्व्हेस्टमेंट्स काढली. चाळिशी उलटून गेलेली ही कंपनी आजही उभी आहे. आपल्या तीन नियमांपुढे १९८३ची एरियल पहिल्या पायरीलाच घसरली असती. हे बैठकीत कुणी काढलेच तर "अपवाद" म्हणावे.

येल विद्यापीठाच्या गंगाजळीचे प्रमुख डेव्हिड स्वेन्सन हे जास्त धोकादायक उदाहरण, कारण या धंद्यात त्यांचा शब्द प्रमाण. १९८५ पासून त्यांनी तो पैसा सांभाळला. त्यांच्या हाताखाली शिकलेली माणसे प्रिन्स्टन, एमआयटी, पेनसिल्व्हेनिया अशा विद्यापीठांच्या तिजोऱ्या चालवायला गेली. ओळखीपाळखीचे जाळे म्हणतात ते याहून देखणे कुठे पाहायला मिळणार नाही. त्याच स्वेन्सननी ऑक्टोबर २०२० मध्ये येलच्या अमेरिकेतील व्यवस्थापकांना पत्र लिहिले. तुमच्याकडे स्त्रिया आणि अल्पसंख्याक किती, किती जणांना घेतले, किती टिकले, हे आता दर वर्षी मोजले जाईल. गंगाजळी तेव्हा ३,१२० कोटी डॉलरची होती, त्यामुळे पत्र सगळ्यांनी वाचले. पुढल्या मे महिन्यात स्वेन्सन वारले. आपल्या दृष्टीने त्या पत्रातली वाईट गोष्ट ही, की एक माणूस कागद घेऊन लिहायला बसला तर या कामाला उपसमिती लागत नाही, हे उघड झाले.

ओळखीच्या माणसाचा भरवसा मोठा, असे कुणी म्हणाले तर मान डोलवा. पण न्यूयॉर्कच्या यशिवा विद्यापीठाचे नाव काढू नका. तिथे विश्वस्त मंडळावर गुंतवणूकदारांना फसवणारा बर्नार्ड मेडॉफ होता. डिसेंबर २००८ मध्ये त्याला अटक झाली तेव्हा विद्यापीठाच्या वहीतले सुमारे ११ कोटी डॉलर नाहीसे झाले. त्याला दोन चाळीसची वेळ देऊन "तुम्हाला उद्या काही झाले तर" असे विचारायचे कुणाला सुचले नव्हते.

सुधारित आवृत्तीसाठी टीप

ही मार्गदर्शिका लिहिली जात असताना अभ्यासक्रमच बदलला. जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठ प्रवेशांत वंश विचारात घ्यायला मनाई केली. पाठोपाठ अटलांटाच्या फिअरलेस फंडावर खटला झाला. हा कृष्णवर्णीय स्त्रियांनी चालवलेला छोटा व्हेंचर फंड. कृष्णवर्णीय उद्योजिकांना तो वीस-वीस हजार डॉलरची अनुदाने देत असे. खटल्याला आधार घेतला १८६६ च्या नागरी हक्क कायद्याचा, म्हणजे गुलामगिरीतून नुकत्याच सुटलेल्यांना करार करायचा हक्क मिळावा म्हणून केलेल्या कायद्याचा. जून २०२४ मध्ये अपील न्यायालयाने अनुदाने थांबवली, सप्टेंबरमध्ये तडजोड झाली आणि योजना बंद पडली. जानेवारी २०२५ मध्ये तर वैविध्याच्या कार्यक्रमांविरुद्ध राष्ट्राध्यक्षांचे आदेशच निघाले.

याचा व्यावहारिक अर्थ असा की, शोध चालू आहे हे दाखवण्याचे कष्टही आता वाचू शकतात. परिषदेचे नाव बदलावे. वकिलांनी सुचवलेली नावे साधारणपणे 'संधी' किंवा 'नवप्रतिभा' या शब्दांभोवती फिरतात. वेबसाइटवरचा हसऱ्या चेहऱ्यांचा फोटो काढायची घाई करू नये. तो विकत घेतलेला असतो आणि त्यातले कुणीच आपल्याकडे काम करत नाही. निवृत्त शिक्षिका पुन्हा माइकपाशी आल्या तर यापुढे "आमची इच्छा फार होती" असे भूतकाळात बोलता येईल.

विषय क्रमांक १४

शेवटी एक छोटी सूचना. बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेत तळाशी 'सहमतीचे विषय' असतात. मागील बैठकीचे इतिवृत्त, प्रवासखर्च, आणि सध्याच्या व्यवस्थापकांच्या करारांचे नूतनीकरण. स्टॅंडर्ड अँड पुअर्सच्या तक्त्यांत पंधरा वर्षांचा हिशेब पाहिला तर अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांचे शेअर निवडणाऱ्या दहा फंडांपैकी जवळजवळ नऊ फंड साध्या निर्देशांकाच्या मागे पडलेले दिसतात. तुमच्या यादीतले काही त्यातलेच असणार. त्यांना चौतीस पानांचे सादरीकरण करावे लागत नाही. फी दर तिमाहीला आपोआप वळती होते. या विषयांवर चर्चा करायची प्रथा नाही. अध्यक्ष सगळे एकत्र मतास टाकतात, आणि तोपर्यंत बहुतेकांच्या बॅगा भरून झालेल्या असतात. हात वर करावा.